महाजालातील भामटेगिरी आणि गावाकडचा ग्राहक

मृगाच्या सरी कोसळून गेल्या आणि पेरणीची लगबग सुरू झाली, की परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे लक्ष दोन ठिकाणी लागून राहते. एक आभाळाकडे आणि दुसरे मोबाइलवर येणाऱ्या बँकेच्या संदेशाकडे. ‘पंतप्रधान किसान सन्मान निधी’चे वर्षाकाठी सहा हजार रुपये २०१९ पासून तीन हप्त्यांत थेट खात्यात जमा होतात; राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ने २०२३ पासून त्यात तेवढीच भर घातली. पीक विम्याची भरपाई, अतिवृष्टीचे अनुदान, ‘लाडक्या बहिणीं’ची मासिक रक्कम, सारे काही खात्यातच येते. हप्ता जमा झाला की नाही, हे सांगणाऱ्या संदेशाची घराघरांत वाट पाहिली जाते. भामट्यांनी नेमकी हीच वाट पाहणारी माणसे हेरली आहेत.

एखाद्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप गटात ‘पीएम किसान यादी’ अशा नावाची फाइल येते. पाठवणारा अनोळखी नसतो. भावकीतला किंवा शेजारच्या आळीतला कोणीतरी असतो. फाइल उघडली, की ती मोबाइलमध्ये स्वतःला बसवून घेते आणि संदेश वाचण्याची, संपर्क क्रमांक पाहण्याची परवानगी मागते. घाईत ‘होय’ म्हटले जाते. त्यानंतर बँकेकडून येणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, खातेदाराबरोबरच दूर कोठेतरी बसलेल्या भामट्यालाही दिसू लागतो. तीच फाइल मग त्याच शेतकऱ्याच्या नावाने इतर गटांत आपोआप जाते. ‘एपीके’ या शेपटीची ही फाइल कधी वाहतूक दंडाच्या नोटिशीच्या रूपाने येते, तर लग्नसराईत चक्क लग्नपत्रिका म्हणून. निमंत्रण कोणाचे, हे पाहण्यासाठी बोट लावले की खाते रिकामे होण्याचा धोका ओढवतो.

या लुटीचा आवाका लहान नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर भामट्यांनी भारतीयांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये लुबाडले होते. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ. हे आकडे अर्थातच तक्रारी नोंदवलेल्यांचे. लाजेपोटी वा भीतीपोटी जे गप्प राहिले, त्यांचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

जुनेच नाटक, नवा वेष

या फसवणुकीला ‘आधुनिक’ म्हणण्याची पद्धत असली, तरी तिचे कथानक फार जुने आहे. परदेशातील तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याला सोडवण्यासाठी थोडी रक्कम पाठवा, सुटल्यावर तो अर्धी संपत्ती देईल, अशी पत्रे एकोणिसाव्या शतकातच युरोप-अमेरिकेत फिरत होती. ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ती ओळखली जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच पत्राने ई-मेलचा वेष घेतला आणि कैद्याच्या जागी नायजेरियातील मृत अधिकाऱ्याची विधवा आली. नायजेरियाच्या दंडसंहितेतील संबंधित कलमावरून या प्रकाराला जगभर ‘चारशे एकोणीस’ हे नाव पडले. योगायोग असा, की भारतीय दंडसंहितेतही ४१९ हे कलम तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीचेच होते, आणि त्याच्या शेजारचे ४२० तर मराठी बोलण्यात शिवी म्हणूनच रुळले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा ३१८ आणि ३१९ या कलमांनी घेतली. कलमांचे आकडे बदलले. भामट्यांची रीत मात्र तीच राहिली.

भारतात याच कथानकाने रिझर्व्ह बँकेचे नाव धारण केले. बँकेच्या बोधचिन्हासह, गव्हर्नरांच्या नावाने लॉटरीची रक्कम मंजूर झाल्याचे ई-मेल वर्षानुवर्षे येत राहिले आणि आपण कोणाचीही खाती उघडत नाही, कोणालाही अशी रक्कम देत नाही, असे रिझर्व्ह बँकेला वारंवार जाहीर करावे लागले. पुढे ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने पंचवीस लाखांच्या बक्षिसाचे संदेश व्हॉट्सॲपवर आले. या सर्वांत एक सूत्र समान आहे. मोठी रक्कम मिळण्यापूर्वी ‘कर’, ‘प्रक्रिया शुल्क’, ‘मुद्रांक’ अशा नावाने छोटी रक्कम भरावी लागते, आणि ती भरली की दुसरी मागणी तयार असते.

आमिष चालेनासे झाले की भीती कामाला लावली जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण अमेरिकन नागरिकांना दूरध्वनी करीत होते. ‘आम्ही तेथील प्राप्तिकर खात्यातून बोलत आहोत, तुमची थकबाकी आहे, आत्ता भरली नाही तर पोलीस दारात येतील,’ हे त्यांना पढवलेले संवाद. काही वर्षांतच तेच संवाद भारतीयांच्या वाट्याला आले. सीबीआय, सक्तवसुली संचालनालय वा मुंबई पोलीस असल्याची बतावणी करून चित्रफितीद्वारे तासन्‌तास समोर बसवून ठेवणारी ‘डिजिटल अटक’ ही त्याच नाटकाची पुढची आवृत्ती होय. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मधून सांगावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी त्यांचा देशव्यापी तपास सीबीआयकडे सोपवला.

पडद्यामागचे वास्तव आणखी भीषण आहे. कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधील बंदिस्त वसाहतींत नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांकडून हे फोन करवून घेतले जातात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरील अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने मायदेशी आणले. परदेशातील ‘डेटा एंट्री’च्या नोकरीची जाहिरात पाहून पारपत्र काढायला निघालेल्या मराठवाड्यातील सुशिक्षित बेरोजगाराने हे ध्यानात ठेवायला हवे. येथे फसणारा आणि फसवणारा हे दोघेही एकाच गरजेतून जाळ्यात सापडलेले असू शकतात.

सरकारी योजनांचा मुखवटा

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात लॉटरीपेक्षा योजनेचे नाव अधिक खपते. सौर पंपांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘कुसुम’ योजना आणली आणि त्याच वर्षापासून तिच्या नावाची बनावट संकेतस्थळे उगवू लागली. नोंदणी शुल्क भरा, पंप लवकर मिळेल, असे सांगणाऱ्या या संकेतस्थळांपासून सावध राहण्याचे आवाहन केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला अनेकदा करावे लागले. महाराष्ट्रात मागणीच्या मानाने पंप उशिरा मिळतो. शेतकऱ्याला आपला हिस्सा खरोखरच भरावयाचा असतो. त्यामुळे पैसे भरण्याची खोटी मागणीही खरी वाटते.

२०२२ मध्ये ‘मागील महिन्याचे देयक अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल’ असे संदेश राज्यभर फिरले. खाली एका ‘अधिकाऱ्या’चा वैयक्तिक मोबाइल क्रमांक असे. महावितरणने आपले संदेश खासगी क्रमांकावरून जात नाहीत, हे पुन्हा पुन्हा स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसीची अट आली, तेव्हाही खऱ्याशी मिळतीजुळती संकेतस्थळे दिसू लागली. मुदत, अट आणि हप्ता बंद होण्याची धास्ती या तीन गोष्टी एकत्र आल्या, की भामट्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

येथे एक प्रश्न यंत्रणेलाही विचारला पाहिजे. गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याला ई-पीक पाहणी, आधार जोडणी, ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक अशा पायऱ्यांमागून पायऱ्या चढाव्या लागल्या. प्रत्येक पायरीवर कोणीतरी ओटीपी मागितला आणि त्याने तो निमूटपणे सांगितला; बहुधा सेवा केंद्रातील गर्दीत, मोठ्याने. ज्याला सरकारी कामासाठी ओटीपी सांगण्याची सवय लावली गेली, त्यालाच नंतर ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असे फलक दाखवले जातात. ही विसंगती दूर झाल्याशिवाय जनजागृतीचे फलक पोकळच राहतील.

दोष कोणाचा?

फसलेल्या माणसाला सर्वप्रथम ऐकावे लागते ते ‘तुमचीच चूक’ हे वाक्य. कायदा मात्र इतक्या सरळ निष्कर्षावर थांबत नाही. पुण्यातील एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये लंपास झाले होते. उद्योगाच्या प्रमुखाने बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलला उत्तर दिले होते, हे खरे. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार न्यायनिर्णय अधिकारी असलेले राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी २०१३ मध्ये या दाव्याचा निकाल देताना ग्राहकाच्या पदरात त्याचा वाटा टाकला. पण ज्या खात्यांत पैसे वळवले गेले, ती उघडताना पुरेशी छाननी न केल्याबद्दल बँकेलाही दोषी धरून ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पाच कोटींपर्यंतचे दावे या मार्गाने करता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी फार थोड्यांना या तरतुदीची माहिती आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यापुढचे पाऊल टाकले. त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे, ग्राहकाचा दोष नसताना पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर काहीही दायित्व नाही. चार ते सात दिवस लागले तर ते मर्यादित राहील, असे त्यात ठरले. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकण्यात आली. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी कळवण्याचा वेग हाच कळीचा मुद्दा आहे.

बँका स्वतः अभेद्य आहेत असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक प्रणालीत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, तर सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या बँकेला तज्ज्ञांचा ताफा असूनही जे रोखता आले नाही, ते जिंतूर वा पालमच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने एकट्याने रोखावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरते.

अफवा जीवही घेते

सर्वच खोट्या संदेशांत पैशाची मागणी नसते. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले’ हा ई-मेल २००८ पासून अभिमानाने पुढे पाठवला गेला. युनेस्कोने तसे काही ठरवलेलेच नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालचा काळा पैसाही शोधणारी ‘चिप’ असल्याची आवई उठली. या गमती वाटतात; पण न तपासता पुढे पाठवण्याची सवय त्यांनीच लावली.

त्या सवयीची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मोजली गेली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश तेव्हा राज्यभर पसरले होते. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून पोट भरणाऱ्या माणसांना एका खोट्या संदेशाने गुन्हेगार ठरवले. त्या वर्षी देशभर फिरलेली मुले पळवण्याची एक चित्रफीत तर कराचीतील संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेल्या लघुपटाचा कापलेला तुकडा होती. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तोवर पाच घरे उद्ध्वस्त झाली होती. मराठवाड्यातही भटक्यांच्या पालांची गावाबाहेर वस्ती असते. म्हणून राईनपाडा परभणीपासून फार दूर नाही.

ओळखावे कसे?

भामट्यांची साधने दर महिन्याला बदलतात, त्यामुळे त्यांची यादी पाठ करून भागत नाही. त्यांच्या खुणा मात्र ठरलेल्या असतात. पहिली खूण घाईची: ‘आजच’, ‘आत्ता’, ‘एका तासात’. दुसरी गुप्ततेची: ‘घरच्यांना सांगू नका’, ‘फोन ठेवू नका’. तिसरी, मिळण्याआधी देण्याची. चौथी, अधिकाराच्या बडेजावाची. म्हणजे गणवेश, बोधचिन्ह, मोहोर असलेले पत्र. यातील दोन खुणा एकत्र दिसल्या, तर संवाद तेथेच थांबवावा.

काही नियम साधे आणि पक्के आहेत. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही की चौकोनी संकेतचित्र स्कॅन करावे लागत नाही. दुचाकी वा जुने फर्निचर विकायला काढलेल्याला ‘पैसे पाठवतो, हे स्कॅन करा’ असे कोणी सांगितले, तर तो खरेदीदार नव्हे. बँकेचा मदत क्रमांक गुगलवर शोधू नये. तो पासबुकावर वा कार्डाच्या मागे छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव शेपटीवर नेण्यात आली आहेत. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. पत्त्याच्या शेवटी ही अक्षरे नसतील, तर पासवर्ड टाकण्यापूर्वी शाखेत विचारावे. बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका राखून ठेवण्यात आली आहे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल कोणीही पाठवलेली असो, ती उघडू नये. चुकून उघडलीच, तर मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे.

पहिला तास मोलाचा

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. लुबाडलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या-दहाव्या खात्यात काही मिनिटांत फिरते आणि शेवटी रोखीने वा आभासी चलनाच्या रूपाने बाहेर पडते. ती बाहेर पडण्यापूर्वी खाते गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली की ही यंत्रणा संबंधित बँकांना ती रक्कम रोखण्यास कळवते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने जुलै २०२५ पर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये भामट्यांच्या हाती जाण्यापासून वाचवले, असे सरकारने संसदेत सांगितले. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर वा जवळच्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येते.

पैसे फिरवण्यासाठी लागणारी खाती येतात कोठून? बहुतेकदा ती गरजू विद्यार्थी, मजूर वा छोट्या दुकानदारांकडून भाड्याने घेतलेली असतात. ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो’ हा सौदा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर निरुपद्रवी वाटतो. पण पोलिसांच्या कागदावर पहिले नाव त्या खातेदाराचेच येते. पालकांनी मुलांना मोबाइलचा पासवर्ड विचारण्यापेक्षा ही एक गोष्ट आधी समजावून सांगावी.

सर्वांत मोठा अडसर मात्र लाजेचा आहे. ‘शिकलेला माणूस कसा फसला’ या टोमण्याच्या भीतीने पहिला तासच काय, पहिला आठवडाही निघून जातो. घरातील मोठी माणसे मुलांना सांगत नाहीत, सुना सासऱ्यांना सांगत नाहीत. भामट्याने मागितलेली गुप्तता अशा रीतीने घरच पुरवते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दरवर्षी १८ मेच्या सुमारास भरणाऱ्या खरीप मेळाव्याला मराठवाडाभरातून शेतकरी येतात; बियाण्यांच्या दालनांशेजारी एक दालन या विषयाला देता येईल. ग्रामसभेत वर्षातून दोनदा, हप्ता येण्याच्या हंगामात, पोलीस आणि बँक अधिकाऱ्यांनी पंधरा मिनिटे बोलावे. सेवा केंद्रांत ओटीपी मोठ्याने सांगण्याऐवजी ग्राहकाने स्वतः टाकावा, अशी सक्ती जिल्हा प्रशासन करू शकते. आणि १९३० हा आकडा रेशन दुकानाच्या, दूध डेअरीच्या, एसटी स्थानकाच्या भिंतीवर ठळक रंगवता येईल.

पूर्वी गावात अनोळखी व्यापारी आला, की चावडीवर त्याची चौकशी होई. चार माणसे विचारीत आणि मगच सौदा ठरे. मोबाइलने सौदा एकट्याच्या हातात आणून दिला आणि चार माणसांचा सल्ला तेवढा बाजूला पडला. अनोळखी संदेशावर बोट लावण्यापूर्वी घरात, शेजारी, शाखेत कोणाला तरी एकदा विचारणे हा आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बंदोबस्त आहे.